आधी होकार, मग प्रार्थना

बायबलमधल्या उघड वाईट राजांपाशी मी फार थांबत नाही. इस्राएलचा राजा अहाब याच्याविषयी काय म्हणायचं ते शास्त्रच सांगून टाकतं. मला वर्षानुवर्षं सतावत आलाय तो यहोशाफाट. यहूदाचा राजा, आसाचा मुलगा. पस्तिसाव्या वर्षी गादीवर आला आणि २५ वर्षं राज्य केलं. बआल या परक्या दैवतापुढे त्याने कधी गुडघा टेकला नाही. परमेश्वराला मनापासून शोधणारा माणूस, असं त्याच्याविषयी त्याच्या मरणानंतरही लोक म्हणत होते. आणि तरी तो गेल्यावर आठ-नऊ वर्षांच्या आत दाविदाचं अख्खं घराणं एका तान्ह्या पोरावर येऊन ठेपलं. हे झालं कसं?

त्याची सुरुवात वाचली की मन भरून येतं. राज्याच्या तिसऱ्या वर्षी त्याने आपले पाच सरदार, नऊ लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले) आणि दोन याजक अशी सोळा माणसं निवडली, त्यांच्या हाती नियमशास्त्राचं पुस्तक दिलं आणि त्यांना यहूदातल्या गावोगावी शिकवायला पाठवलं. कर गोळा करायला राजाची माणसं गावात येतात हे लोकांना ठाऊक होतं. शिकवायला येतात हे नवीन असणार. आसपासच्या राज्यांना धाक बसला. पलिष्टी लोक रुपं, म्हणजे चांदी, घेऊन आले, अरबांनी ७,७०० मेंढे आणि ७,७०० बोकड आणून दिले. लढाई न करता मिळालेली शांतता होती ती.

मग बायबलमधल्या २ इतिहास या पुस्तकाचा अठरावा अध्याय सुरू होतो. यहोशाफाटाकडे धन आणि मान भरपूर होता, आणि त्याने अहाबाशी सोयरीक केली. एवढंच. का केली, कोणी सुचवलं, घरात कोणी नको म्हटलं का, यातलं काही नाही.

पण कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शलमोनानंतर राज्य दुभंगलं तेव्हापासून उत्तरेचं इस्राएल आणि दक्षिणेचं यहूदा एकमेकांच्या जिवावर उठले होते. भाऊबंदकीच ती, सीमेवर रक्त सांडणारी. यहोशाफाटाच्या बापाच्या काळात इस्राएलचा राजा बाशा याने सीमेवरचं रामा हे गाव तटबंदी करून बांधायला घेतलं, यहूदाची ये-जा अडवायला. आसाने तेव्हा मंदिरातलं सोनं-रुपं काढून शेजारच्या अराम देशाच्या राजाला पाठवलं आणि भावावर परक्याची फौज घातली. हे सगळं पाहिलेल्या मुलाला राजा झाल्यावर वाटलं असेल, पुरे आता. त्यात अहाब म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कार्कारच्या लढाईचं वर्णन आहे, त्यात अहाबाच्या नावापुढे २,००० रथ आणि १०,००० सैनिक मांडलेले आहेत. असा शेजारी व्याही झाला तर वाईट काय?

म्हणून मला यहोशाफाटाला मूर्ख म्हणवत नाही. त्याचा हेतू चांगलाच असणार. लेकराबाळांची लढाईतून सुटका व्हावी म्हणून त्याने हे लग्न जुळवलं असणार.

वयांचा हिशेब मी एकदा वहीत मांडून पाहिला. यहोशाफाटाचा मुलगा यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला आणि आठ वर्षांनी, चाळिशीत मेला. त्याच्यामागून गादीवर बसलेला त्याचा मुलगा अहज्या तेव्हा २२ वर्षांचा होता, असं राजांचं दुसरं पुस्तक सांगतं. म्हणजे अहज्या जन्मला तेव्हा बाप अठरा वर्षांचा होता, आणि लग्नाच्या वेळी फार तर सतरा. नवरी अहाबाची मुलगी अथल्या, तीही त्याच वयाच्या आगेमागे असेल. शांततेची सगळी किंमत या दोन पोरांच्या डोक्यावर ठेवली गेली. पुढे तर दोन्ही घरांतली नावंही एक झाली. अहाबाचे मुलगे अहज्या आणि यहोराम, यहोशाफाटाचा मुलगा यहोराम आणि नातू अहज्या. बायबल वाचणारे इथे हमखास अडखळतात. मामाचं नाव भाच्याला लागलं, इतकं ते घर या घरात मिसळलं होतं.

सोयरीक झाली म्हणजे जाणं-येणं आलंच. काही वर्षांनी यहोशाफाट अहाबाच्या राजधानीत, शोमरोनला गेला. अहाबाने त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबरच्या लोकांसाठी पुष्कळ मेंढरं आणि बैल कापले. अहाबाच्या हस्तिदंती घराचा उल्लेख शास्त्रात आहे, आणि शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे तुकडे शेकड्यांनी निघालेत. पंगत तशाच वाड्यात बसली असणार. त्याच राजाने इज्रेलात नाबोथाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा घेतला होता, आणि त्यासाठी नाबोथावर खोटे साक्षीदार उभे करून अहाबाची राणी ईजबेल हिने त्याला दगडमार करवला होता. पाहुण्याच्या कानावर ते गेलं होतं की नाही, ठाऊक नाही. जेवण मात्र त्याच घरचं होतं.

माझे आजोबा नगरकडच्या खेड्यांतून पाळक होते. दोन घरांतलं भांडण मिटवायला गेले की निवाडा होईपर्यंत ते कुणाकडचा चहा घेत नसत. उन्हातान्हात चालत गेलेले असत, पण पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं. लोकांना राग यायचा. आजीलाही वाटायचं, एवढं काय ते. ते म्हणायचे, “पोटात गेलेलं जिभेवर येतं.” शोमरोनची ती पंगत वाचताना मला त्यांचा तो तांब्या दिसतो.

जेवणं झाल्यावर अहाबाने विषय काढला. यार्देनेपलीकडचं रामोथ-गिलाद अरामाच्या ताब्यात आहे, ते घ्यायचंय, येता का? यहोशाफाट म्हणाला, “जसे तुम्ही तसा मी. माझे लोक ते तुमचेच लोक. लढाईत आम्ही तुमच्याबरोबर आहोत.” आणि हे बोलून झाल्यावर त्याला आठवलं. म्हणाला, “पण आधी परमेश्वराला विचारू या.”

या एका क्रमापाशी मी अडून राहते. आधी होकार, मग प्रार्थना. शब्द दिला, पंगतीत दिला, व्याह्याला दिला, आणि आता देवाकडे जायचं ते सल्ला मागायला की दिलेल्या शब्दावर शिक्का मारून घ्यायला? यहोशाफाट नास्तिक झाला नव्हता. देवाला विचारावं हे त्या घरात फक्त त्यालाच सुचलं. पण विचारायच्या आधीच त्याचे हात बांधले गेले होते, आणि ते बांधले होते त्याच्या स्वतःच्या सौजन्याने. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती एका भल्या राजाला रणांगणापर्यंत घेऊन गेली.

पुढचा प्रसंग शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यावर घडतो. जिथे धान्य मळायचं आणि उफणायचं, तिथे दोन सिंहासनं मांडलेली, दोन राजे राजवस्त्रं घालून बसलेले, आणि समोर ४०० संदेष्टे एका सुरात सांगताहेत, जा, जिंकाल. सिदकीया नावाच्या एकाने तर लोखंडाची शिंगं करून आणली होती, यांनीच तुम्ही अरामाला हुंदडून संपवाल म्हणून. यहोशाफाटाला काहीतरी खटकलं. त्याने विचारलं, परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा इथे नाही का? अहाब म्हणाला, आहे एक, इम्लाचा मुलगा मीखाया, पण मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी चांगलं बोलतच नाही. यहोशाफाटाने हळूच म्हटलं, “महाराजांनी असं म्हणू नये.” त्याचा सगळा विरोध काय तो एवढाच, एक सभ्य वाक्य.

मीखायाला आणायला गेलेला जासूद वाटेत त्याला समजावतो: सगळ्यांचं एकच म्हणणं पडलंय, तुमचंही तसंच पडू द्या, बरं बोला. दरबारांत, कचेऱ्यांत, मंडळीच्या कमिट्यांत हे वाक्य ऐकलेलं नाही असा माणूस विरळा. मीखाया खळ्यावर येतो, आधी बाकीच्यांसारखंच बोलतो, आणि खुद्द अहाबालाच ते खरं वाटत नाही. शपथ घातल्यावर तो पाहिलेलं सांगतो: सगळा इस्राएल डोंगरांवर पांगलेला, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा. सिदकीया पुढे होऊन त्याच्या गालात मारतो. राजा हुकूम देतो, याला तुरुंगात टाका, मी सुखरूप परत येईपर्यंत जेमतेम भाकरी आणि पाणी द्या.

ज्याने मीखायाला बोलावून घेतलं तो राजा शेजारच्याच सिंहासनावर बसलेला होता. त्याच्या विनंतीवरून आलेला माणूस त्याच्यादेखत मार खातो, तुरुंगात जातो, आणि यहोशाफाटाच्या तोंडून निघालेला एक शब्दही शास्त्रात नोंदलेला नाही. पुढचंच वाक्य आहे की दोघे राजे रामोथ-गिलादवर चालून गेले. मला या कथेत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. चुकीच्या संगतीने त्याला कुठली मूर्ती पुजायला लावली नाही. खरं काय ते ऐकूनही गप्प बसायला लावलं, आणि ऐकलं त्याच्या उलट वागायला लावलं.

लढाईच्या आधी अहाब म्हणाला, मी वेश पालटून जातो, तुम्ही मात्र आपली राजवस्त्रं घाला. व्याह्याने व्याह्याला दिलेला सल्ला! अरामाच्या राजाने आपल्या ३२ रथाधिपतींना सांगून ठेवलं होतं, लहानथोर कुणाशी लढू नका, फक्त इस्राएलच्या राजाला गाठा. राजवस्त्रातला एकच माणूस दिसला तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले. यहोशाफाट ओरडला, आणि परमेश्वराने त्याला सोडवलं. अहाबाला मात्र कुणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात लागला. सूर्य मावळताना तो गेला.

यहोशाफाट जिवंत घरी आला तेव्हा येहू नावाचा द्रष्टा त्याला भेटायला निघून आला. हनानीचा मुलगा. आसाने अरामाची मदत घेतली तेव्हा त्याला तोंडावर बोलणारा तो हनानी, आणि त्याबद्दल आसाने त्याला खोड्यात अडकवलं होतं. आता त्याचा मुलगा आसाच्या मुलासमोर उभा होता. त्याने विचारलं, दुष्टाला साहाय्य करावं काय? परमेश्वराचा द्वेष करणाऱ्यांवर प्रीती करावी काय? आणि लगेच पुढे म्हणाला, तरी तुझ्यात चांगलं आढळलं आहे.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण आपल्याकडे या गोष्टीचा भलताच उपयोग केलेला मी ऐकलाय. अहाबाची सोयरीक म्हणजे परधर्मीयांशी संबंध, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून दूर राहा, असा अर्थ काढतात. पण अहाब परका नव्हता. याकोबाचाच वंश, तीच भाषा, मिसरातून सुटकेची तीच कहाणी. मीखायाचं ऐकायचं नाही हे त्याने ठरवलं, ते या वारशासकट. उलट दुष्काळात एलीया संदेष्ट्याला मूठभर पिठाची भाकरी देणारी सारफथची विधवा सीदोन प्रांतातली होती, ईजबेल जिथली राजकन्या तिथलीच, आणि तिच्या घरी राहायला देवानेच एलीयाला धाडलं होतं. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची सुखदुःखं पिढ्यान्‌पिढ्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांबरोबर वाटली गेली आहेत. त्या ओसरीवर बसण्याला येहूने नाव ठेवलेलं नाही. खरं बोलणाऱ्याला जिथे तुरुंग मिळतो आणि दुर्बळाचा मळा जिथे बळकावला जातो, त्या सत्तेशी हातमिळवणी करण्याबद्दल तो बोलत होता. ते घर आपल्या धर्माचं असलं म्हणून त्याचं बोलणं बदललं नसतं.

यहोशाफाटाने येहूला खोड्यात घातलं नाही. बापापेक्षा तो इथे मोठा ठरला. तो पुन्हा लोकांत हिंडला, बैर-शेब्यापासून एफ्राईमच्या डोंगरापर्यंत. गावोगावी न्यायाधीश नेमले आणि त्यांना बजावलं: तुम्ही माणसांसाठी नाही, परमेश्वरासाठी न्याय करताय, त्याच्यापाशी पक्षपात नाही, लाचलुचपत नाही. नाबोथाच्या खटल्यानंतर हे शब्द वाचावेत, मग कळतं तो काय शिकून आला होता.

आणि मग विसावा अध्याय, त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर. शेजारच्या मवाब, अम्मोन या राज्यांचे आणि त्यांच्याबरोबरचे लोक चालून आले, यहूदातल्या एन-गेदीपर्यंत पोहोचलेसुद्धा. राजा घाबरला, असं शास्त्र सरळ सांगतं. घाबरून त्याने पहिली गोष्ट केली ती परमेश्वराला शोधण्याची. सगळ्या यहूदाला उपास सांगितला. बायका, तान्ही मुलं, सगळे मंदिरापाशी उभे, आणि राजा त्यांच्यादेखत म्हणतो, “काय करावं हे आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत.” सैन्याच्या पुढे त्याने गाणारे चालवले. शत्रू आपसांतच कापाकापी करून संपले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एकटा असताना याच माणसाची प्रार्थना आधी येते. संगतीत असताना ती दुसऱ्या नंबरावर जाते. देव तोच आणि श्रद्धाही तीच, फक्त शेजारी कोण बसलंय एवढं बदललं.

एन-गेदीनंतर तरी तो सुटला असं वाटतं, तर अध्यायाच्या शेवटी जहाजं येतात. अहाबाच्या मुलाशी, अहज्याशी भागीदारी करून त्याने एसयोन-गेबेर इथे मोठी जहाजं बांधली. मारेशा गावच्या एलियेजर या संदेष्ट्याने सांगितलं, या भागीदारीमुळे परमेश्वर तुझं काम मोडणार. जहाजं बंदरातच फुटली. राजांच्या पुस्तकात आहे की अहज्याने विचारलं, माझी माणसं तुमच्या माणसांबरोबर जाऊ देत का, आणि यहोशाफाट नाही म्हणाला. अहाबाच्या घराण्याला त्याने दिलेला नकार मला एवढा एकच सापडतो.

तोही टिकला नाही. अहज्यानंतर त्याचा भाऊ यहोराम इस्राएलचा राजा झाला. मवाबाचा राजा मेशा त्याच्यावर उलटला होता. हाच तो मेशा, ज्याचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. यहोरामाने निरोप पाठवला, मवाबावर येता का? उत्तर अक्षरशः जुनंच होतं: जसे तुम्ही तसा मी, माझे लोक ते तुमचे लोक, माझे घोडे ते तुमचे घोडे. अदोमाच्या रानातून सात दिवस चालल्यावर फौजेला आणि जनावरांना प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा तो पुन्हा म्हणाला, परमेश्वराचा संदेष्टा इथे कोणी नाही का? अलीशा सापडला. तो इस्राएलच्या राजाला म्हणाला, यहोशाफाटाची भीड नसती तर मी तुझ्याकडे पाहिलंही नसतं. पाणी मिळालं. देव त्याला दर वेळी सोडवत राहिला, हे खरंच आहे. मला तर वाटतं, त्या सुटकेनेच त्याला भुलवलं असेल. आपण निभावून नेतोय, असं वाटलं असेल.

त्याच्या हयातीत निभावलंही. त्याने धाकट्या मुलांना सोनं, रुपं, तटबंदीची शहरं वाटून दिली आणि राज्य थोरल्याला, यहोरामाला दिलं. विचारी बापाची व्यवस्था होती ती. राज्य हातात पक्कं येताच यहोरामाने सहाच्या सहा भावांना तलवारीने मारलं. तो अहाबाच्या घराण्यासारखा चालला, कारण अहाबाची मुलगी त्याची बायको होती, असं शास्त्र म्हणतं. एलीयाकडून त्याला पत्र आलं, त्यात होतं की तू मारलेले भाऊ तुझ्यापेक्षा चांगले होते. ज्या पलिष्ट्यांनी आणि अरबांनी बापाला रुपं आणि मेंढे आणून दिले होते, तेच आता मुलाचा वाडा लुटून बायका-पोरं घेऊन गेले. धाकटा मुलगा तेवढा उरला. यहोराम आतड्यांच्या आजाराने मेला, आणि त्याच्या जाण्याची कुणालाही हळहळ वाटली नाही. उरलेला अहज्या वर्षभर राजा होता. तोही मामाबरोबर लढायला गेला, आणि कुठे, तर रामोथ-गिलादलाच. आजोबा जिथून वाचून आले त्या वाटेने नातू गेला आणि परतला नाही. त्याला मारणाऱ्यांनी एवढं केलं की त्याला पुरलं, मनापासून परमेश्वराला शोधणाऱ्या यहोशाफाटाचा हा नातू म्हणून.

मग अथल्येने राजवंशातल्या उरलेल्यांना संपवायला घेतलं. प्रवचनांतून इथे सगळा राग तिच्यावर काढला जातो. तिचं कृत्य भयंकरच, त्यात शंका नाही. पण घराचं वाटोळं झालं की सुनेकडे बोट दाखवायची आपली सवय मला नको वाटते. ती मुलगी स्वतःहून चालत यरुशलेमला आली नव्हती. दोन बापांनी तह केला आणि ती त्या तहाबरोबर पाठवली गेली. शिवाय घराणं वाचवलं तेही एका बाईनेच. राजा यहोरामाची मुलगी यहोशेबा, यहोयादा याजकाची बायको. तिने तान्ह्या योआशाला मरणाऱ्या राजपुत्रांतून चोरून उचललं आणि दाईसकट निजायच्या खोलीत लपवलं. सहा वर्षं तो मंदिरात वाढला, सातव्या वर्षी यहोयादाने त्याला मुकुट घातला.

नाताळात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ वाचतात. मुलं कंटाळतात, मोठेही नावांवरून घाईने जातात. तिथे यहोशाफाटानंतर योराम येतो आणि योरामानंतर एकदम उज्जीया. मधले अहज्या, योआश आणि अमस्या, तीन पिढ्या, गाळलेल्या आहेत. चौदा-चौदा पिढ्यांची मांडणी साधण्यासाठी तसं केलं असेल. काही जुन्या भाष्यकारांनी मात्र त्याचा संबंध अहाबाच्या घराशी झालेल्या त्या सोयरिकीशी लावला आहे. मला दोन्ही पटतं आणि पुरतं कुठलंच पटत नाही. कारण नावं गाळली तरी रक्त तेच राहतं. उज्जीया अथल्येच्या मुलाच्या वंशातला, म्हणजे अहाबाच्याही वंशातला, आणि मत्तय त्याच ओळीतून पुढे बेथलेहेमपर्यंत जातो.